मोटेच्या बैलांनी ओढलेलं विमान

बारामतीच्या स्टेशनावर विमान उतरवून घ्यायला आमच्या दोन बैलगाड्या गेल्या होत्या. यात थट्टा नाही. दौंडला मोठ्या गाडीतून काढून छोट्या गाडीत चढवलेल्या दोन लांबलचक लाकडी पेट्या आल्या होत्या आणि त्यांत एक अख्खं विमान तुकड्यातुकड्यांनी भरलेलं होतं. घरी न्यायचं आणि आपलं आपण जोडायचं. गाड्या आमच्या कन्हेरी गावच्या वाटेला लागल्या तेव्हा पेट्यांची टोकं मागे चांगली बाहेर आली होती. भेटेल तो विचारायचा, काय आणलं? गाडी हाकणारा आमचाच गडी. त्याला विमान म्हणायची लाज वाटली, म्हणून त्याने सगळ्यांना सांगितलं, उसाचा नवा चरक हाय. संध्याकाळी अर्धं गाव चरक बघायला आमच्या दारात उभं.

हे विमान मागवणारे म्हणजे आमचे हे. नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता या वयात कशाला सुरुवात करू? एकोणीसशे पस्तीसच्या आगेमागची ही गोष्ट. माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. माहेर सणसरचं, शिक्षण मराठी चौथी, अंगाने मी काटकुळी. सासरी माणसं दोनच, एक हे आणि दुसरे माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात मला रागावणारं कुणी नव्हतं, आणि मी रागावले तर ऐकून घ्यायला दोन पुरुष होते.

हे अंगाने दांडगे. लहानपणापासून तालमीत घुमलेले, दारातून आत आले की घरात अंधार व्हायचा. पुण्याला शिकायला होते तेव्हा तिथल्या एका मैदानावर विमान आलं होतं, लोकांना बसवून वरून फेरी मारून आणायचं. हे दिवसभर रांगेत उभे राहिले. पुढे दोन माणसं उरली आणि विमानातलं पेट्रोल संपलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर विमान निघून गेलेलं. बस, एवढंच झालं. पण माणसाच्या मनात काय रुतून बसेल ते सांगता येत नाही. शिक्षण अर्धवट सोडून हे शेतीवर आले, ऊस लावला, लग्न केलं, आणि तरी जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "एकदा, फकस्त एकदा वर जायाचंय बघ. मग मी जल्मात काय मागायचा न्हाय."

मी म्हणायचे, "माडीवर जावा की. ज्वारी वाळत घातलीया, तेवढी हलवून या."

माझी जीभ तेव्हाही अशीच होती. ते हसायचे, पण ऐकायचे नाहीत. त्यांच्या मामांनी हौसेने दिलेली एक मोटारसायकल ह्यांच्याकडे होती. ती मुंबईच्या एका एजंटाला देऊन टाकली आणि त्याच्यामार्फत विलायतेहून या पेट्या मागवल्या. म्हणजे चालतं वाहन देऊन न चालणारं घेतलं, कारण या विमानाला इंजिनच नव्हतं. मग ह्याला चालवतं कोण, असं मी विचारलं तर म्हणाले, "वारा." दोर बांधून जोरात ओढायचं, ते पतंगासारखं वर चढतं, मग दोर आपोआप सुटतो आणि ते तरंगत तरंगत खाली उतरतं. ग्लायडर म्हणतात त्याला. आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारला नाही, सगळे विमानच म्हणायचे.

आबांनी पेट्यांभोवती एक फेरी मारली. रागावले नाहीत. ते रागावत नसत, अटी घालत. म्हणाले, "गुऱ्हाळाचं छप्पर मोकळंच पडलंय. तितं मांडा काय मांडायचं ते. पर आषाढाचा वारा सरस्तंवर. तवर उडालं तर उडालं. न्हायतर दिवाळीला गुऱ्हाळ पेटंल तवा कढईखाली पयलं लाकूड हेच जाईल."

हे कबूल झाले. आमच्याकडे पाऊस बेताचाच, पण आषाढात मावळतीकडून वारा असा सुटतो की माळावर उभं राहिलं तर पदर हाताने धरून ठेवावा लागतो. वर्षभरात विमान उचलेल असा वारा तेवढाच. तेव्हा ह्यांचं ते 'एकदा' म्हणजे एक आषाढ, हे फाल्गुनातच ठरून गेलं.

पुणे जिल्ह्यात असं विमान बांधणारे आणखी दोघं आहेत, असं एजंटाने कळवलं होतं. ह्यांनी दोघांना कार्डं टाकली. पुढच्याच रविवारी दोघंही दारात हजर. एका वेडाची माणसं एकमेकांना किती लवकर हुडकतात, ते मी तेव्हा पाहिलं.

एक इंदापूरचे वकील. काडीसारखे, चष्मेवाले, टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून एक हात कायम डोक्यावर. त्यांच्या ओसरीत एक पंख कैक वर्षं टांगलेला होता. दुसरा पंख कधी झालाच नाही आणि व्हावा अशी त्यांना घाईही नसावी. सगळ्यांत जास्त सल्ला त्यांचाच. ते आमच्याकडे पोटभर जेवायचे आणि इंदापुरातल्या आपल्या सोवळ्या घरी त्याची वाच्यता करायचे नाहीत. मी वाढताना मुद्दाम विचारायचे, "वकीलसाहेब, घरी काय सांगताय, काय जेवलात म्हणून?" तर म्हणायचे, "फलाहार सांगतो, वहिनी. वांगं हे फळच आहे."

दुसरे दौंडचे रेल्वेतले मिस्त्री. त्यांनी स्वतःचं विमान पुरं केलं होतं, उडवलंही होतं, आणि पहिल्याच खेपेला पडून गळ्याचं हाड मोडून घेतलं होतं. तेव्हापासून त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. ते फार बोलत नसत. पडून आलेल्या माणसाला सल्ला द्यायची खुमखुमी राहत नाही, असं मला वाटतं.

रविवार आला की हे तिघे गुऱ्हाळाच्या छपराखाली नकाशे पसरून बसायचे. नकाशात सगळं लिहिलेलं होतं, कुठली फासळी कुठे, कुठली तार किती ताणायची. त्यात काही वाढवू नका, असंही ठळक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. पण आमच्या मुलखात काही बांधायचं म्हणजे ते मजबूत बांधायचं. गाडी असो, नांगर असो, जो येतो तो हाताने हलवून बघतो आणि डुगडुगलं की म्हणतो, अजून एक पट्टी मारा. त्या विमानाच्या फासळ्या तर बोटाएवढ्या. वकील म्हणाले, "इथे एक आडवी पट्टी द्याच. पुढे-मागे पस्तावाल." दिली. गावच्या लोहाराने हौसेने सांध्यांना लोखंडी पट्ट्या ठोकून दिल्या. दौंडच्या मिस्त्रींनी वजनाची काळजी घ्या म्हणून बजावलं, पण त्यांचं विमान जिथे मोडलं होतं त्या जागी त्यांनाही राहवेना, एक शिकंजा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला.

आणि आबा. विमानाच्या पोटाखाली एक लांब पट्टी होती, चाकाऐवजी त्या पट्टीवर ते घसरत जायचं. आबांनी ती विलायती पट्टी उचलून एका हातावर तोलली. "हे काय लाकूड हाय? ह्यानं चूल बी पेटायची न्हाय." दुसऱ्या दिवशी सुताराकडून बाभळीची पट्टी करून आणली, बैलगाडीच्या बुडाच्या साटीला शोभेल अशी जाड. आबांनी पहिल्यांदाच आपण होऊन त्या विमानासाठी काही केलं होतं. ह्यांना ते मोडवेना. विलायती पट्टी माझ्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून गेली.

मीही त्यात आलेच. सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं, ते मी शिवलं. हातशिवणीचे टाके, दोन महिने बोटांना सुईची भोकं. त्या कापडावर लावायचं एक वार्निश डब्यांतून आलं होतं, त्याने कापड आक्रसून घट्ट होतं म्हणे. डबे फोडले तर उन्हाने आत नुसती खरवड राहिलेली. हे डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, घोंगडी कडक करायला चिंचोक्याची खळ लावतात, ती लावून बघू. घोंगडीवालीकडून शिकून मी चिंचोके भाजले, दळले, मोठ्या पातेल्यात खळ शिजवली आणि कुंच्याने पंखांवर फासली. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. ओल लागू नये म्हणून वरून जवसाचं तेल. वकील म्हणाले, "वहिनी, हे पेटंट घ्या." दोन दिवसांनी कालवडीने एका पंखाचं टोक चाटून मऊ करून ठेवलं, तेवढं पुन्हा करावं लागलं.

तारा ताणायच्या वेळी मला त्याच्या बैठकीवर बसवायचे. बैठक कसली, पुढच्या टोकाला बसवलेली उघडी फळी. वजन म्हणून मी. "दांडा मागं घे. आता म्होरं. पायानं डाव्या अंगाला दाब." मी ते करायचे आणि मागे शेपूट हलायचं. उन्हाळाभर मी त्या फळीवर बसून तांदूळ निवडले, लसूण सोलला आणि हे सांगतील तसा दांडा हलवला. दांडा मागे घेतला की नाक वर, पुढे ढकलला की खाली. चुलीपुढे बसून कळेल इतकं सोपं होतं ते.

आषाढ लागला, वारा सुटला, विमान माळावर नेलं. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला तो माळ, मावळतीकडे उतरत गेलेला. उताराच्या पायथ्याला आमची बाजरी, त्याच्यापुढे कालवा, कालव्याखाली ऊस. पांढरे पंख दोन्हीकडे पसरलेले बघून मी चालता चालता थांबले. इतकं देखणं काही आमच्या छपराखाली होतं, हे छपराखाली कळलं नव्हतं.

ओढायला काय लावायचं, यावर मात्र अडलं. वकील म्हणाले, "छोटीशी मोटारसायकल असती तरी काम झालं असतं." हे जमिनीकडे बघत राहिले. मीच एकटी हसले, मला आवरलंच नाही.

मग शेजारच्या गावची शर्यतीची खोंडं आणली. त्यांनी मागे वळून ते पांढरं धूड पाहिलं आणि दोर तोडून जी उधळली ती ओढ्यापलीकडे सापडली. तेव्हा आबा, जे इतका वेळ बांधावर बसून बघत होते, उठले. म्हणाले, "ओढायचंच हाय न्हवं? मग वढण्यात जलम गेला त्यांना लावा की."

आमची कालव्याच्या वरची जमीन विहिरीवर होती. दोन मोटांची विहीर, चार बैल. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीत चामड्याची मोठी पखाल सोडतात, तिचा दोर चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला असतो. बैल उतारावरून दणदण खाली जातात तशी भरलेली मोट वर येते आणि पाटात रिकामी होते. त्या उताराला धाव म्हणतात. धाव संपली की बैल उलट्या पावली मागे येतात, मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. आबांनी तेच चार बैल माळावर आणले. मिस्त्रींनी मोटेचंच चाक जुवाला बांधलं, दोराचं एक टोक जमिनीत खुंटी ठोकून अडकवलं आणि दुसरं चाकावरून विमानाच्या नाकाला, अशी युक्ती केली की बैल एक पाऊल गेले की विमान दोन पावलं पळेल.

हे फळीवर बसले. आबांनी हाळी दिली. बैल उताराला लागले, विमान सरसरत निघालं, शेपूट उचललं, पंख डोलायला लागले. सगळा गाव ओरडला. आणि बैल थांबले.

विहिरीवर धाव जिथे संपते ना, मोजून तेवढ्याच अंतरावर थांबले. चौघेही, एकदम. दोर सैल पडून आकड्यातून सुटला, विमान घसरत घसरत उभं राहिलं. इतकंच नाही, कुणी न सांगता चारही बैल उलट्या पावली मागे चालायला लागले. विहिरीवर मोट रिकामी झाली की मागे जायचं, हे त्यांना ठाऊक. ते मागे मागे येत विमानाच्या इतके जवळ आले की हे फळीवरून उतरून पळाले. माणसं हसून हसून खाली बसली. आबा मात्र ताठ उभे होते. बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "बगा, कुणी सांगितलं का त्यांला?"

त्यानंतर आम्ही काय काय केलं नाही! पुढे उसाचं हिरवं वाडं धरलं, वेसणीला माणसं लावली. वेसण ओढली की बैल चालायचे, पण पळायचे नाहीत. पळायचे ते फक्त धावेपुरते. "धाव सरली की त्यांचं काम सरलं," आबा म्हणायचे, "त्यांचं काय चुकलं?" आणि तेवढ्या धावेत ह्यांना घेऊन ते विमान उठत नव्हतं. एकदा मिस्त्रींनी बैठकीवर मातीने अर्धं भरलेलं पोतं बांधून ओढून पाहिलं, तर ते वीतभर उचललं आणि धपकन बसलं. विमान उडणारं होतं, यात शंका राहिली नाही. वजन जास्त होतं. मग लोहाराच्या पट्ट्या काढल्या, वकिलांची आडवी पट्टी कापली. घेवड्याखालची विलायती पट्टी काढायला गेलो तर ती पाणी पिऊन उभी चिरली होती, म्हणून बाभळ तशीच राहिली.

ह्यांनी स्वतः त्या विमानातून कधीच उड्डाण केलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही.

सगळं कापून झाल्यावर कापण्यासारखं उरलं ते हेच. ह्यांनी जेवण तोडलं. आधी मला म्हणाले भूक न्हाय, मग म्हणाले पोट जड हाय, मग काहीच सांगेनासे झाले, नुसतं ताट सरकवायचे. तालमीत कमावलेलं ते अंग, गालफडं बसली, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. मी चिडून ताट परत पुढे ढकललं. म्हटलं, "त्या लाकडांपायी जीव देताय का?" तर म्हणाले, "जीव न्हाय गं, दोनचार शेर मांस देतोय फकस्त." आणि हसले. मला ते हसू सहन झालं नाही. मी न्हाणीत जाऊन रडले. त्या विमानाला आपणच काडी लावावी, दिवाळीची वाट कशाला बघायची, असंही मनात आलं. पण खरं सांगायचं तर मला हे वर जायला हवे होते, त्यांना हवं होतं त्याहून तसूभरही कमी नाही. ह्या माणसाने माझ्याजवळ दुसरं कधी काही मागितलं नव्हतं.

आषाढातला शेवटचा रविवार आला. सकाळपासून वारा चांगला होता, पण झुळकांमध्ये खंड पडायला लागला होता, आणि तो श्रावणाचा वारा हे आबांनीच काय, मीही ओळखलं. वकील आणि मिस्त्री आले होते. गाव मात्र आता येईनासा झाला होता, रोजरोज तीच मजा कोण बघणार? हे तीनदा बसले. तीनदा बैल धावले आणि थांबले, आणि बाभळीच्या पट्टीने मातीत ओढलेली रेघ कुठेही तुटली नाही. तिसऱ्या खेपेनंतर हे उतरले आणि पंखाच्या सावलीत मांडी घालून बसले. मी भाकरी घेऊन गेले होते. तिचं फडकं सोडायचा धीर झाला नाही.

मिस्त्रींनी चिलीम भरली. मग म्हणाले, "हलका आदमी पाहिजे."

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं. त्यांच्याहून हलका पुरुष तिथे दुसरा नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. "माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत हो," म्हणाले, आणि चेहरा इतका केविलवाणा झाला की कुणी आग्रह केला नाही. मिस्त्रींचा हात वर जात नव्हता. आबांनी बैल सोडले तर बैल कुणाचं ऐकणार?

मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून जवळ आले आणि आजूबाजूला ऐकू जाणार नाही असं बोलले. "तू बसशील का?"

"येड लागलंय का तुमास्नी?"

"दांडा तुला माझ्यापरीस चांगला कळतो. न्हाय म्हणलीस तर पुन्ना इचारायचा न्हाय."

सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी. माझी नजर आबांकडे गेली. ते बैलांच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ओळखलं असावं. मला वाटलं, आता आबा नको म्हणतील आणि मी सुटेन. आबा म्हणाले, "सूनबाई, भ्या वाटतंय का?"

"व्हय."

"बैल माझ्या हाताखाली हायती. त्यांची काळजी करू नगं." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, म्हणजे मला बसताना संकोच नको.

लोक नंतर म्हणाले, नवऱ्याच्या शब्दाखातर बसली. तसं नाही. ते ताट सरकवणं मला आणखी एक दिवसही बघवणार नव्हतं. निदान विमान वर गेलेलं ह्यांना डोळ्यांनी दिसेल, मग पोटभर जेवतील, एवढाच माझा हिशेब होता. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला बांधला आणि फळीवर बसले. ह्यांनी पट्टा आवळला. "भाकरी तितं झाकून ठेवलीया," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आबांची हाळी ऐकू आली. मानेला हिसका बसला. खाली पट्टी खरखरत होती, दगडांवरून दात आपटत होते, आणि मग एकाएकी खरखर थांबली. मला वाटलं नेहमीसारखे बैल थांबले. खाली बघते तर बैल अजून धावत होते, पण त्यांच्या पाठी मला वरून दिसत होत्या. मी दांडा जरासा मागे घेतला, तांदूळ निवडताना घ्यायचे तसा. बैल थांबले ते मला दिसलं. नेहमीच्याच जागी थांबले. दोर गळून पडला आणि मी पुढेच निघाले.

आवाज म्हणून नव्हता. नुसता वारा, तारांतून. उतार खाली खाली जात होता आणि मी तिथेच राहिले होते. कालवा मी जन्मभर पाहिलेला, पण तो वळत वळत कुठून येतो आणि कुठे जातो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पाणी चकचकत होतं, पलीकडे ऊस हलत होता. भीती कुठे गेली होती कोण जाणे. मला हसू येत होतं, मोठ्याने, आणि ऐकायला कुणी नव्हतं. हे किती वेळ चाललं ते विचारू नका. एक भाकरी भाजायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मग बाजरी जवळ येऊ लागली. मी दांडा मागे घेतला, पट्टी कणसं न धरलेल्या त्या बाजरीत शिरली, ढेकळं उडाली, आणि विमान एका पंखावर कलून बसलं. बाभळ मोडली नाही.

मी पट्टा सोडत होते तेवढ्यात हे आले. कोपरं फुटलेली, गुडघ्यावर रक्त, डोक्यावरचा पटका कुठेतरी पडलेला. उतारावरून धावत येताना बांधावर कोसळले होते. मला काही बोलू न देता त्यांनी माझे हात चाचपले, पाय चाचपले, मान हलवून पाहिली. "लागलं का? कुटं लागलं?"

"कुटंच न्हाय."

वरून वकील नाचत येत होते, टोपी हातात घेऊन. "उडालं हो! दोन पुरुष उंच! मी साक्षीला उभा राहीन!" त्यांच्यामागे मिस्त्री, एकच हात वर करून. आबा बैलांजवळून हलले नव्हते, पण त्यांचा आवाज वाऱ्यावर आला, गुऱ्हाळाला दुसरं लाकूड बघा म्हणून.

मला वाटलं, आता ह्यांच्या तोंडावर ते दिसेल, ज्यासाठी हे सगळं. मी वाट पाहत राहिले. पण हे गोंधळल्यासारखे वकिलांकडे पाहत होते, मग माझ्याकडे वळले.

"खरंच उडालं?" ह्यांनी विचारलं.

"म्हंजी? तुमी बघितलं न्हाय?"

"न्हाय." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "तू भुई सोडलीस आणि माझं काळीजच फाटलं. पडलीस तर झेलावं म्हणून हात पसरून खालनं पळत हुतो. तुझ्याकडंच बघत हुतो गं. इमान बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

मला रडू फुटलं. मी त्यांना हाताला धरून बाजरीतच खाली बसवलं. वकील आणि मिस्त्री येईपर्यंत थोडा वेळ होता. तेवढ्यात मी त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं, बैलांच्या पाठी वरून कशा दिसतात तिथपासून.